नदीखालच्या मेट्रो बोगद्यात कामाला निघालेल्या पोरानं काय विचारून घ्यावं?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव पवनीकडचं. भाचा आयटीआय फिटर आहे. घरी दोन एकर धान, बाकी मजुरी. त्याला एका मोठ्या शहरात मेट्रोच्या बोगद्यावर काम मिळालं आहे आणि त्या बोगद्याचा एक भाग नदीच्या खालून जातो. हे कळल्यापासून बहिणीचा जीव थाऱ्यावर नाही. "दादा, वरून नदी वाहणार अन् खाली माझं लेकरू, हे कसं जमते?" असं रोज विचारते.

तिला "काही होत नाही, सगळं मशीननं करतात" असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. "नको जाऊ" म्हणणंही पटत नाही, कारण पगार चांगला आहे आणि पोराला काम शिकायचं आहे. माझं मत एवढंच की जो माणूस खाली उतरणार आहे त्याला, आणि त्याच्या घरच्यांना, धोका कुणी मोजला, कसा मोजला आणि मोजमाप चुकलं तर काम थांबवणार कोण, हे कळलं पाहिजे. साहेबांच्या कपाटातल्या फायलीत ते असेलच. पण खाली तर हा जाणार आहे.

इथं खाणीत, पुलांवर, बोगद्यांवर काम केलेले लोक आहेत. त्यानं तिथं पहिल्या आठवड्यात कोणते प्रश्न विचारावेत, ते सांगा.

पोट्टा_पांढरकवड्याचा
मामा, पहिले हे सांगा, पोट्ट्याले पोहता येते का? 😄

वैनगंगाकाठ
येतं ना, वैनगंगेच्या काठचा आहे. पण तिथं पोहणं कामी येत नाही, म्हणून तर धागा काढला.

वणीचा_ओव्हरमन
भाऊ, मी कोळशाच्या भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारा, होतो, आता घरी आहो. मेट्रो मले समजत नाही, पण डोक्यावर पाणी ठेवून काम करणं समजते.

आमच्या नियमात दोन गोष्टी पक्क्या होत्या. नदी, नाला, तलाव यायच्या खाली, अन् काठापासून आडवं 15 मीटरच्या आत, लेखी परवानगीशिवाय काम कराचं नाही. अन् जुन्या पाणी भरलेल्या खाणीच्या 60 मीटरच्या आत जाचं असन तर परवानगी घ्याची अन् पुढं बोअर मारत मारत जाचं. म्हणजे पहिले बारीक छेद, पाणी येते का पाह्याचं, मंग कोळसा. छेदातून पाण्याची धार आली तर लाकडी खुट्टी ठोकून बंद कराची अन् वर खबर द्याची. हे काम सरदाराच्या, म्हणजे खाणीतल्या मुकादमाच्या, डोळ्यासमोर होत होतं.

27 डिसेंबर 1975 ले आताच्या झारखंडातल्या चासनाल्याच्या कोळसा खाणीत पाणी शिरून 375 माणसं गेली. ते पाणी नदीचं नव्हतं. जुन्या कामात साचलेलं होतं. नदी सगळ्यायले दिसते, तिच्यासाठी सगळे तयार राह्यतात. जे पाणी नकाशावर नाही, ते माणसं नेते. म्हणून पोराले सांगा, नदीबद्दल विचार, पण तेवढ्यावर थांबू नको. आजूबाजूले जमिनीत आणखी काय काय पाणी आहे, ते विचार.

बोगदेवाला
ओव्हरमन काकांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, बोगद्यांवर अभियंता आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी दाबाचं गणित. पाण्याच्या पातळीपासून दर 10 मीटर खाली गेलं की 1 बार दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टन. बोगद्याचा मध्य 30 मीटर खाली असेल तर 3 बार. मेट्रोचं टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं मशीन, साधारण साडेसहा मीटर व्यासाचं असतं, त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 33 चौरस मीटर. म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार हजार टनांच्या आसपास. तो अडवायला कटरहेडच्या, म्हणजे समोरच्या फिरत्या कापणाऱ्या चकतीच्या, मागच्या कप्प्यात कापलेली माती किंवा बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ गाळ दाबाखाली कोंडून ठेवतात. दाब कमी पडला तर रेती आणि पाणी आत येतं. जास्त झाला तर वरचा थर फाटतो, गाळ नदीच्या तळातून वर उसळतो आणि मग त्याच वाटेनं नदीला खाली यायला रस्ता मिळतो. या दोन्हींच्या मध्ये राहायचं असतं. वरचा थर पातळ असेल तर ही मधली जागा फार अरुंद होते.

म्हणून पहिला प्रश्न: बोगद्याचा माथा आणि नदीचा तळ यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर किती आणि ते कुठं आहे? आमच्याकडं ठोकताळा असा की निदान मशीनच्या एका व्यासाएवढा थर वर असावा. त्याहून कमी असेल तर तिथं काही वेगळी तयारी केलेली दिसली पाहिजे. कोलकात्यात हुगळीखाली हा थर सुमारे 13 मीटर होता, म्हणजे दोन व्यास.

दुसरा प्रश्न: काढलेल्या मातीचा हिशेब दर रिंगला होतो का? मशीनच्या मागं बोगद्याला आतून बसवतात ती सिमेंटची एक रिंग 1.4 मीटर रुंद असेल तर तेवढ्या लांबीत साधारण 46 ते 48 घनमीटर जमीन निघायला हवी. बाहेर आल्यावर ती फुगते, म्हणून वजनावर लक्ष ठेवतात. सलग दोन-तीन रिंगना वजन जास्त आलं, तर वर कुठंतरी पोकळी होत आहे. शहरात रस्त्यावर खुणा लावून जमीन खचते का ते मोजता येतं, नदीत तसं जमत नाही. तिथं होडीतून ध्वनियंत्रानं तळ पुन्हा पुन्हा मोजतात. ते किती वेळानं मोजतात, हेही विचारायला हवं.

तिसरा प्रश्न मशीनच्या शेपटाचा. पुढं मशीन खणतं, मागं रिंग बसते, आणि रिंग व मशीनचं पोलादी कवच यांच्या फटीत तारांच्या ब्रशच्या ओळी असतात, त्यांत सतत ग्रीस भरतात. चीनच्या फोशान शहरात 7 फेब्रुवारी 2018 ला मेट्रोच्या बोगद्यात याच भागातून पाणी आणि रेती शिरली आणि 11 कामगार गेले. वरचा रस्ताही खचला. भाचा फिटर आहे, त्याचं काम बहुतेक इथंच येईल. ग्रीस संपत आलं, पंप बंद पडला, ब्रश झिजले, या गोष्टी लहान वाटतात, पण त्या लहान नाहीत.

वैनगंगाकाठ
सर, खूप उपकार. उन्हाळ्यात आम्ही पात्रात पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खंदतो. हातभर खोल गेलं की बाजूची रेती पाण्यासंगं आत सरकत येते, जितकी काढावी तितकी पुन्हा भरते. बहिणीला हेच उदाहरण देऊन समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "हाव, मंग त्यायनं रेती धरून ठेवाले पाह्यजे."

बोगदेवाला
ताईंना संपूर्ण टीबीएम एका वाक्यात समजलं. रेती धरून ठेवणं, बाकी सगळं त्यासाठी.

संत्रावाला_वरूड
मी शेतकरी, पण एक गोष्ट सांगतो. आमच्या वरूड-मोर्शीकडं संत्र्यासाठी इतके बोअर झाले की भूजल फार खाली गेलं. कोरडा गेलेला बोअर तसाच सोडतात, वर एक दगड ठेवला की झालं. दहा वर्षांनी शेत विकलं तर नव्या मालकाला माहीत नसते खाली किती भोकं आहेत. शहरात तर इमारती बांधून गेल्या, जुन्या विहिरी बुजवल्या, त्यांची नोंद कोण ठेवते? बोगदा अशा भोकाला लागला तर काय होईल?

बोगदेवाला
फार महत्त्वाचा प्रश्न. अमेरिकेत सिएटलला डिसेंबर 2013 मध्ये एक भलं मोठं मशीन पोलादी नळीला धडकलं. ती नळी 2002 साली भूजल तपासायला खाली घातलेली होती. मशीन थांबलं ते जवळपास दोन वर्षं. नळीमुळंच बिघडलं की आधीच दोष होता, यावर पुढं कोर्टात भांडण झालं. पण खाली नळी आहे हे मशीन चालवणाऱ्याला आधी कळायला हवं होतं, यावर वाद नसावा.

आणखी एक. नदीखालची जमीन तपासायला आपण स्वतःच बोअर मारतो. ते काम झाल्यावर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून नीट बंद करावे लागतात. उघडा राहिलेला एक बोअर बोगद्याच्या वाटेत आला, तर नदीचं पाणी थेट खाली आणणारी वाट आपणच करून ठेवलेली असते. त्यामुळं शक्यतो बोअर बोगद्याच्या रेषेवर न मारता बाजूला मारतात.

वणीचा_ओव्हरमन
हेच. आमच्याकडंही जुन्या शोधबोअरची यादी नकाशावर लाल खुणेनं राहे. न बुजवलेल्या बोअरजवळ फेस, म्हणजे खणायचं तोंड, गेला की आम्ही सावध. पोराले तो नकाशा पाह्याले मिळाला पाह्यजे. निदान त्याच्या फोरमनले तरी.

पूल_निवृत्त
मी सार्वजनिक बांधकाम खात्यात पुलांची कामं पाहिली. आता निवृत्त. वरच्या चर्चेत "नदीचा तळ" असा शब्द आला, त्यावर थोडं थांबायला हवं.

आपल्याला मार्च-एप्रिलमध्ये दिसतो तो तळ पुराच्या वेळचा तळ नसतो. मोठा पूर आला की प्रवाह रेती उचलतो, पात्र खोल जातं, आणि पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा गाळानं भरतो. वरून पाहिलं तर काही झालंच नाही असं वाटतं. पुलाचा पाया ठरवताना आम्ही लेसीच्या सूत्रानं ही खरवडीची खोली काढत असू आणि खांबाजवळ ती आणखी वाढवून धरत असू. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आठवा. भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, सगळीकडं पाणीच पाणी. त्या चार दिवसांत पात्रात खाली काय झालं असेल, ते डोळ्यांनी कुणीच पाहिलं नाही.

तर बोगद्यावरचा थर मोजताना आजचा तळ धरला आहे की मोठ्या पुरातली खरवड वजा करून धरला आहे, हा प्रश्न हवाच. बोगदा शंभर वर्षं टिकायचा असतो. शंभर वर्षांत नदी जागची हलत नाही, असं मानणारा माणूस नदीकाठी राहिलेला नसतो.

आणि दुसरी गोष्ट, रेतीचा उपसा. यंत्रं लावून पात्र दोन-दोन माणूस खोल केलेलं मी पाहिलं आहे. पुलांचे पाये उघडे पडतात. पूल दिसतो तरी. बोगदा तर दिसतही नाही.

ट्रॅक्टरवाला_तुमसर
सगळं रेतीवाल्यांवर ढकलता राव. घरकुलाले रेती कुठून येते मंग? तुमचे पूल अन् बोगदे कशानं बांधता? नागपुरातल्या बिल्डिंगा कन्हान-वैनगंगेच्या रेतीनंच उभ्या आहेत ना?

पूल_निवृत्त
तुमच्यावर ढकलत नाही, भाऊ. ट्रॅक्टरनं दिवसाला दोन खेपा नेणारा आणि रात्री पोकलेन लावणारा एक नाही. माझं म्हणणं असं की पुलाच्या आजूबाजूला रेती काढायला बंदी असते, आणि पूल दिसतो म्हणून निदान कुणी तक्रार तरी करतं. नदीखाली बोगदा असेल तर वरच्या माणसाला ते कळणार कसं? घाटाचा लिलाव करणाऱ्या कार्यालयाच्या नकाशावर बोगद्याची रेषा काढलेली पाहिजे. बोगदा बांधणारा विभाग वेगळा, रेतीचा वेगळा, नदीचा तिसरा. तिघं एका टेबलावर बसलेच नाहीत तर खालचा थर वर्षागणिक पातळ होत जाईल आणि कागदावर तो जेवढ्यास तेवढाच राहील.

ट्रॅक्टरवाला_तुमसर
हे मान्य. घाटावर चार खुणेचे दगड लावा, आम्ही तिकडं जात नाही. सांगतच नाहीत कोणी.

आर्णीची_मास्तरीण
रेतीचा वेगळा धागा काढा बाप्पा, नाहीतर हा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि पोरगं तोवर निघून जाईल.

आर्वीचा_रेल्वेवाला
नोकरीमुळं काही वर्षं हावड्याला होतो, म्हणून कोलकात्याचं सांगतो. हुगळीखालचा भाग 520 मीटरचा. दोन मशीननी 2017 च्या उन्हाळ्यात तो पार केला. नदीखाली असताना मशीन थांबू द्यायचं नाही, रात्रंदिवस चालू ठेवायचं, अशी तयारी होती. नदीच्या पूर्वेकडं स्ट्रँड रोडजवळ 40 मीटरहून खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, केला आहे, हवेसाठी आणि संकटात बाहेर यायला. मार्च 2024 मध्ये गाडी सुरू झाली. नदीखालून गाडी पाऊण मिनिटात जाते, मी बसलो आहे.

पण त्याच मार्गावर 31 ऑगस्ट 2019 ला बऊबाजारात मशीन पाणी भरलेल्या रेतीच्या थराला लागलं. नदीपासून दूर, शहराच्या गल्लीत. पाणी बोगद्यात आलं, वरची जमीन खचली, जुनी घरं पडली, शेकडो लोकांना रात्रीत घरं सोडावी लागली. 2022 मध्ये त्याच भागात पुन्हा भेगा गेल्या. नदीखाली सगळं नीट झालं आणि गल्लीत हे घडलं. म्हणून ओव्हरमन काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

बोगदेवाला
शांघायचंही तसंच. 1 जुलै 2003, मेट्रो लाइन 4. हुआंगपू नदीखालचे दोन मुख्य बोगदे झाले होते. अपघात झाला तो त्या दोघांना जोडणाऱ्या आडव्या वाटेत, म्हणजे क्रॉस पॅसेजमध्ये. तिथं मशीन नसतं. जमीन गोठवून, बर्फाच्या भिंतीच्या आधारानं हातानं खणत होते. गोठवण्याची व्यवस्था कोलमडली, पाणी-रेती शिरली, बोगद्याचा काही भाग बसला आणि काठावरच्या इमारती कलल्या. माणसं वेळेत बाहेर आली म्हणून कुणी गेलं नाही.

मशीनच्या आत माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. कवच असतं, दाब असतो. जिथं ते कवच सोडून काम करावं लागतं, तिथं धोका एकदम वाढतो: क्रॉस पॅसेज, मशीन शाफ्टमधून आत शिरतं ती जागा, बाहेर निघतं ती जागा, आणि कटर बदलायला समोरच्या कप्प्यात जाणं. धोक्याचं मूल्यमापन वाचताना मी आधी ही पानं उघडतो.

सिस्टर_आरमोरी
कटर बदलायला समोर जातात, त्यावर मला बोलायचं आहे. पाणी आत येऊ नये म्हणून त्या कप्प्यात हवेचा दाब वाढवतात, बरोबर ना? मग त्या दाबात काम करून माणूस घाईनं बाहेर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे भयंकर दुखतात, चक्कर येते, लकवा मारू शकतो, जीवही जातो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना पाण्याखालच्या पेटीत काम करणाऱ्या अनेकांना हे झालं होतं, मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग कायमचा आजारी पडला.

दादा, भाच्याला त्या कामावर घातलं तर आधी वैद्यकीय तपासणी झाली का, दाब हळूहळू उतरवायची वेळ पाळतात का, आणि दाबाची उपचार-खोली जागेवर आहे की दुसऱ्या शहरात, हे विचारायला सांगा. सर्दी-कान दुखत असेल तर त्या दिवशी आत जायचं नाही, रोजी बुडाली तरी. आणि शिफ्ट संपल्यावर काही तासांनी सांधे दुखले तर "थकवा आहे" म्हणून गोळी खाऊन झोपायचं नाही, लगेच सांगायचं. आपली पोरं सांगत नाहीत, हे मी दवाखान्यात रोज पाहते.

खारपाण_अकोट
भूगोलाचा मास्तर आहे, म्हणून थोडं विषयांतर. विदर्भातच पाहा. पश्चिमेकडं काळा बेसाल्ट, पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा शेकडो फूट जाड थर आणि खारं पाणी, वर्धा खोऱ्यात वाळूचा खडक आणि कोळसा, भंडारा-गडचिरोलीकडं जुना कठीण खडक. चार नद्यांखालून चार बोगदे काढायचे तर चारही वेगळे धोके. आमच्या खारपाण पट्ट्यात तर सिमेंटमधली सळईच गंजायची काळजी करावी लागेल. तेव्हा "अमुक शहरात जमलं, म्हणजे इथंही जमेल" हे कुणी म्हटलं की सावध व्हावं.

पोट्टा_पांढरकवड्याचा
आपल्या नागपूरची मेट्रो तर सगळी वरूनच जाते. बरं झालं, नाग नदीखालून नेली असती तर वासानंच काम बंद पडलं असतं 😄

बाभूळगाव_१
मंडळी, राग मानू नका, पण एवढा कीस कशाला? मरण कुठं नाही? शेतात वीज पडते, साप चावतो. 2017 ले यवतमाळात फवारणी करता करता मजूर गेले. बोगद्यात निदान हेल्मेट देतात, बूट देतात. पोराले जाऊ द्या. जे नशिबात असन ते होईन.

आर्णीची_मास्तरीण
भाऊ, फवारणीचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलते. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील दवाखान्यात होते. ते नशीब नव्हतं. उंच वाढलेल्या कपाशीत तोंडाला काही न बांधता, कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं नाही हे कुणी न सांगता, दिवसभर फवारणी करायला लावली होती. त्या माणसाला कुणी आधी सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं. वैनगंगाकाठ दादा आधी विचारत आहेत, यात कीस काढणं काय आहे?

बाभूळगाव_१
तुमचं खरं आहे ताई. शब्द मागं घेतो.

रिंगबिल्डर
मी हा धागा साइटवरच्या खोलीत बसून वाचला. मी गडचिरोली जिल्ह्यातला, टीबीएमवर रिंग बसवतो. साहेब लोकांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो.

रोज उतरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं उभं करून त्या दिवसाचा धोका सांगतात. ते कोणत्या भाषेत सांगतात, ते पाहा. आमच्या टोळीत मराठी, हिंदी, उडिया, बंगाली पोरं आहेत. इंग्रजीत कागद वाचून सह्या घेतल्या तर ते सांगणं नाही. शाफ्टच्या तोंडाशी टोकनचा फळा असतो. उतरताना आपलं टोकन लावायचं, वर आल्यावर काढायचं. दुसऱ्याला "माझं लाव" म्हणायचं नाही. खाली पाणी आलं तर वरच्या माणसाला त्या फळ्यावरूनच कळतं किती जण आत आहेत. दिवे गेले तर कुठल्या बाजूनं चालायचं, फोन कुठं लटकलेला आहे, श्वासाचा डबा कसा उघडतात, हे पहिल्याच दिवशी हातानं करून पाहायचं.

तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात 22 फेब्रुवारी 2025 ला छत कोसळून पाणी-चिखल आत आला. तोंडापासून चौदा किलोमीटर आत. आठ जण अडकले, एकही जिवंत निघाला नाही. त्या दिवशी आमच्या खोलीत कुणी जेवलं नाही. तेव्हापासून मी एकच गोष्ट विचारतो: काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे? दाबाचा आकडा लाल झाला तर मशीन चालवणारा पायलट स्वतः थांबवू शकतो, की वर फोन करून विचारावं लागतं? आधीच्या एका साइटवर शेपटातून गढूळ पाणी येत होतं. मी ओरडलो. एका ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, "रिंग पुरी कर, मग पाहू." पाणी स्वच्छ असेल तर थोडं थांबता येतं, पण गढूळ म्हणजे त्यासंगं माती येत आहे. आमच्या शिफ्ट इंजिनियरनं ऐकलं आणि मशीन थांबवून ग्रीस वाढवलं, म्हणून निभावलं. तो माणूस तिथं नसता तर? असं माणसावर अवलंबून नको, नियमात पाहिजे.

बोगदेवाला
रिंगबिल्डर भाऊ, तुमचा प्रतिसाद आमच्या प्रशिक्षणात वाचून दाखवावा असा आहे. चांगल्या कामावर आकड्यांच्या तीन पायऱ्या आधीच ठरवून भिंतीवर लावतात. पहिल्या पायरीला लक्ष वाढवायचं, दुसऱ्या पायरीला उपाय करायचा, तिसऱ्या पायरीला काम बंद करून माणसं बाहेर काढायची. तिसऱ्या पायरीला कुणाची परवानगी मागायची नसते. ते आकडे शांत डोक्यानं, काम सुरू व्हायच्या आधी ठरवलेले असतात, कारण ऐन वेळी प्रत्येकाला अजून एक रिंग पुरी करायची असते.

दुसरं, 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती आणि तीत कामगारांचेही प्रतिनिधी, अशी तरतूद होती. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही समिती आहे. भाच्यानं त्या समितीतला आपला प्रतिनिधी कोण, ते नाव माहीत करून घ्यावं.

वणीचा_ओव्हरमन
एक मतभेद सांगतो बोगदेवाले साहेब. तुमी म्हणता मशीनच्या आत माणूस सुरक्षित. मशीनच्या भरवशावर माणूस कान बंद करून टाकते. आमी छत ठोकून आवाज ऐकत होतो, लाकडी टेकू कुरकुरला की मागं सरकत होतो. तुमचा पायलट काचेच्या खोलीत पडद्याकडं पाहून राह्यते.

बोगदेवाला
काका, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. कान बंद होतात हे खरं. पण नदीखालच्या रेतीत ऐकून मागं सरकायला वेळ मिळत नाही. टेम्सखाली 1825 साली काम सुरू केलं तेव्हा माणसं लोखंडी चौकटीच्या आडून हातानं खणत होती, डोळे-कान उघडे ठेवून. तरी 1827 मध्ये नदी आत आली, आणि जानेवारी 1828 मध्ये पुन्हा आली तेव्हा सहा जण बुडाले. बोगदा 1843 ला उघडला. पडदा लागतोच. पण पडद्यावरचा आकडा आणि रिंगबिल्डरनं पाहिलेलं गढूळ पाणी यांत फरक पडला, तर आधी गढूळ पाण्यावर विश्वास ठेवायचा.

वणीचा_ओव्हरमन
मंग आपलं जमलं.

वैनगंगाकाठ
मंडळी, बरेच दिवस उत्तर दिलं नाही. भाचा जाऊन आला. आठवडाभर वरच, कार्यशाळेत होता. तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, जसजशी संधी मिळाली तसतसे विचारले. सांगतो काय झालं.

थराचं अंतर लगेच सांगितलं, एका व्यासाहून जास्त आहे. पुराची खरवड धरली का, हे फोरमनला माहीत नव्हतं; त्यानं वर विचारलं आणि दुसऱ्या दिवशी एका तरुण इंजिनियर मॅडमनी स्वतः येऊन नकाशा उघडून दाखवला, खरवडीची रेषा वेगळी काढलेली होती. भाचा म्हणाला, त्या मॅडमला राग आला नाही, उलट आनंद झाला. रेती-उपशाचं मात्र त्या म्हणाल्या, "चांगला मुद्दा, याचं आमच्याकडं पत्र नाही, मी काढते." टोकनचा फळा आहे. रोजचं सांगणं हिंदीत होतं. तीन पायऱ्यांचे आकडे पायलटच्या खोलीत लावलेले आहेत, आणि तिसऱ्या पायरीला पायलट स्वतः थांबवतो.

दोन गोष्टी राहिल्या. दाबाची उपचार-खोली जागेवर नाही, शहरातल्या एका दवाखान्यात आहे, वाहतूक असेल तर तासभर लागतो. आणि कामगार प्रतिनिधी कोण, ते चार जणांना विचारून चार नावं मिळाली.

बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, जाऊ दे, पण कटर बदलायला त्या दाबाच्या कप्प्यात जायचं नाही.

सिस्टर_आरमोरी
ताईंचं बरोबर आहे. उपचार-खोली तासभर दूर असेल तर त्या कामाला त्यानं स्पष्ट नाही म्हणावं, आणि लेखी म्हणावं. बाकीच्या पोरांसाठीही कुणीतरी हे समितीत मांडायला हवं.

रिंगबिल्डर
चार नावं मिळाली म्हणजे प्रतिनिधी नाहीच. दहा-बारा पोरं मिळून एक नाव ठरवा आणि सुरक्षा अधिकाऱ्याकडं अर्ज द्या. आमच्याकडं असंच झालं. अर्जाचा मजकूर मी निरोपात पाठवतो.

वैनगंगाकाठ
पाठवा भाऊ. तो सोमवारी निघतो आहे.

बोगदेवाला
त्याला क्रॉस पॅसेजचं काम कधी सुरू होणार ते विचारून ठेवायला सांगा. जमीन गोठवणार की ग्राउट करणार, तेही. उत्तर आलं की हा धागा वर आणा, तेव्हा त्या कामाचे प्रश्न वेगळे लिहून देतो.